टोचणाऱ्या हातावरचा भरवसा

३१ जानेवारी २०२१ हा पल्स पोलिओचा रविवार. खरे तर ही फेरी १७ जानेवारीला व्हायची होती, पण आदल्या दिवशी देशभर कोविडचे लसीकरण सुरू होत असल्याने ती पुढे ढकलली गेली. त्या रविवारी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावी, पाच वर्षांखालील बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात हलवले, ती बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली आणि बातमी मागे पडली. मला त्या बातमीतल्या आया आठवत राहतात. त्यांच्या मनात लशीबद्दल किंतु नव्हता. त्या आपापली मुले घेऊन बूथवर आल्या होत्या.

लोक लस घ्यायला का कचरतात, यावर जे लिहिले-बोलले जाते त्यात बहुतेक वेळा घेणाऱ्याचे डोके तपासले जाते: अज्ञान, अंधश्रद्धा, अफवा. देणाऱ्याच्या हाताबद्दल फार कमी बोलले जाते. या प्रश्नाचा आढावा त्या हाताच्या बाजूने घ्यावा असे मला वाटते, कारण आपला सव्वाशे वर्षांचा अनुभव तिकडेच बोट दाखवतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाच्या आरोग्यापुढच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढली, तीत लशीबाबतची अनिच्छा आणि चालढकल हा एक धोका होता. संघटनेच्या तज्ज्ञ गटाने त्याआधीच तिची तीन कारणे मांडली होती: भरवसा नसणे, रोगाची भीती न उरणे आणि लस सहज न मिळणे. आपल्याकडे तिसऱ्या कारणाला पहिल्याचे नाव देण्याची सवय फार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १२ ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी सर्व मूलभूत लशी मिळालेल्यांचे प्रमाण देशात २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७६ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या थोडा मागेच राहिला. म्हणजे साधारण चारांतले एक मूल अजूनही कुठे ना कुठे सुटते. त्या मुलाच्या घरी लशीला ठाम विरोध असतोच असे नाही. बऱ्याच घरांत उत्तर येते, ‘पुढच्या वेळी बघू.’

हे ‘पुढच्या वेळी’ नीट ऐकायला हवे. पेंटाव्हॅलंट लस बाळ दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच रोगांपासून ती वाचवते. तीतल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे अनेक बाळांना ताप भरतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिरते. घरात आजी असेल, दुसऱ्या दिवशी सुट्टी घेता येत असेल, तर ही रात्र निभावते. वीटभट्टीवर काम करणाऱ्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईचा मात्र त्या तापाने दिवसाचा रोज बुडतो. हसत्या-खेळत्या मुलाला आपणच नेऊन आजारी पाडायचे, हे तिला पटत नाही आणि तिच्या जागी बसून पाहिले तर ते चुकीचेही वाटत नाही. डांग्या खोकल्याने दम कोंडलेले मूल तिने पाहिलेले नसते. लसीकरणाच्या यशानेच तो रोग तिच्या नजरेआड केला आहे. तिने पाहिलेला असतो तो ताप.

या घरासाठी जे करायचे ते सरकारी प्रशिक्षणात लिहिलेले आहे. प्रत्येक टोचणीनंतर नर्सबाईने चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, त्रास काय होऊ शकतो आणि झाला तर काय करायचे, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी घेऊन या. शिवाय बाळाला अर्धा तास तिथेच थांबवायचे. साठ-सत्तर बाळांची रांग असली, एकच नर्स असली की यातली दुसरी गोष्ट सर्वांत आधी गळते. ‘ताप येईल, घाबरू नका, ही गोळी इतकी द्या’ हे वाक्य ज्या आईला ऐकायला मिळाले, तिच्यासाठी रात्रीचा ताप अपेक्षित असतो. जिला मिळाले नाही, तिच्यासाठी तो फसवणुकीचा पुरावा ठरतो आणि सकाळी तो शेजारणीपर्यंत पोचतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे तर आणखी वेगळे. दिवाळीच्या सुमारास बीडहून निघालेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. मधल्या काळात कार्ड गावाकडच्या पेटीत आणि बाळ कारखान्याच्या फडावर. त्या बाळाची नोंद ‘नकार’ म्हणून करणे हा अन्याय आहे.

मुंबईला या साऱ्याचा इतिहास फार जुना आहे. हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती याच शहरात, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढची अनेक दशके लस एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात जात असे. कुणाच्या अंगातले कुणाच्या अंगात जाते, हा जातीचा प्रश्न होता तसाच तो संसर्गाचा खरा प्रश्नही होता. नाकारणारे सगळे अडाणी होते असे म्हणता येत नाही. पुढे गांधीजींनीही आपल्या आरोग्यविषयक लेखनात देवीच्या लशीला कडाडून विरोध केला.

खरा धडा मिळाला तो प्लेगमध्ये. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढवला, कारण आत नेलेला माणूस परत येत नाही अशी त्यांची खात्री झाली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, तोच जो २०२० मध्ये कोविडसाठीही वापरला गेला. त्यानंतर पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. देवघरे आणि माजघरे उघडी पडली, सामान जाळले गेले, बायकांची तपासणी झाली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी काय केले हे मराठी वाचकाला सांगायला नको. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात विणकर वस्तीत दंगल उसळली.

त्याच महिन्यांत, त्याच शहरांत दुसरेही काही चालू होते. वाल्देमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. तेव्हा विशीच्या आसपास असलेल्या आगाखानांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली, हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली, आणि त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक लशीला पुढे झाले. इकडे पुण्याजवळ डॉक्टर यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला आणि त्यांच्या दत्तक आई सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. रोग एक, काळ एक, लोकही तेच. जिथे शिपाई दारात उभा राहिला तिथे माणसांनी रोगी लपवले. जिथे आपल्यातला माणूस आधी दंड पुढे करत होता, तिथे तीच माणसे रांगेत उभी राहिली. लोक मुळात लसविरोधी असते तर हा फरक पडला नसता.

हाफकिन यांच्याच वाट्याला पुढे दुसरा धडा आला, आणि त्याबद्दल मराठीत फार लिहिले जात नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. दोष प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर ठेवला गेला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. पुढे पुरावे पाहून अनेक शास्त्रज्ञांनी सांगितले की बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी: बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. हाफकिन यांच्या निर्दोषत्वासाठी रोनाल्ड रॉससारख्यांना इंग्लंडमध्ये जाहीर लढा द्यावा लागला आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पाच वर्षे! एका चिमट्याचे सत्य सांगायला सरकारला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात गावोगाव जे पसरायचे ते पसरून गेले होते. आज प्रत्येक जिल्ह्यात लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची चौकशी करणारी समिती असते. तिचे काम चांगले आहे. पण तिचा निष्कर्ष ज्या घरात मूल दगावले त्या घरी कुणी जाऊन सांगतो का, गावच्या चावडीवर तो कळतो का, हे विचारले पाहिजे. फाइलमध्ये बंद झालेला निष्कर्ष अफवेला उत्तर देऊ शकत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या भारतातली भरवशाची सर्वांत मोठी परीक्षा म्हणजे पोलिओ. २००२ मध्ये देशात १६०० मुलांना पोलिओ झाला, त्यातली बाराशेहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातली. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांत थेंबांनी मुले नपुंसक होतात ही बोलवा होती. ती आकाशातून पडलेली नव्हती. १९७६ मध्ये आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीने याच भागाला होरपळून काढले होते. ज्या बापाला तेव्हा पकडून नेले, त्याच्या नातवाला थेंब पाजायला तेच सरकार पुन्हा पुन्हा, फुकटात, घरापर्यंत येत होते. गल्लीत गटार तुंबलेले, दवाखान्यात डॉक्टर नाही, अतिसाराने मुले मरतात, त्यासाठी कुणी फिरकत नाही. मग या एकाच औषधाची एवढी घाई का? मला हा प्रश्न अफवा वाटत नाही. तो नागरिकाने सरकारला विचारलेला रास्त प्रश्न आहे.

त्याला उत्तर दिले गेले म्हणून पोलिओ गेला. युनिसेफ आणि स्वयंसेवी संस्थांनी त्याच मोहल्ल्यातल्या हजारो बायका नेमल्या. प्रत्येकीकडे काहीशे घरे. कुठल्या घरी बाळंतपण झाले, कोण माहेरी गेले, कोण रागावले आहे, हे त्यांना ठाऊक असे. घरांवर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहिले जाई. ‘एक्स’ म्हणजे मूल सुटलेले. त्या घरी दुसऱ्या दिवशी त्या बाई पुन्हा जात, कधी इमामसाहेबांना सोबत घेऊन. अलिगढ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द या विद्यापीठांतली मंडळी मोहल्ल्यांत उतरली. पुढे पोलिओबरोबर हात धुणे, स्वच्छ पाणी आणि अतिसारावरचे उपचार हेही कामात आले. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते. २०१० च्या जानेवारीत अधिक प्रभावी अशी दोन विषाणूंवरची लस आल्यावर त्या वर्षी ४२ उरले. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. नव्या लशीचा वाटा मोठा होता यात वाद नाही, पण दार बंद असते तर तीही बाहेरच राहिली असती.

नायजेरियाच्या कानो राज्यात हेच वेगळ्या रूपात घडले. १९९६ मध्ये तिथे मेंदुज्वराच्या साथीत एका अमेरिकी कंपनीने मुलांवर औषधाची चाचणी केली होती आणि तिच्यावरून मोठा वाद पेटला होता. २००३ मध्ये राज्याने पोलिओची लस थांबवली. ती पुन्हा सुरू झाली इंडोनेशियात बनलेली लस आणल्यावर. शास्त्राच्या दृष्टीने लस तीच. लोकांनी कुणाच्या हातून घ्यायची ते ठरवले होते.

सक्तीचा मोह प्रत्येक साथीत होतो आणि आपल्यालाही झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात प्रशासनाने आदेश काढला की किमान एक डोस घेतल्याशिवाय रेशन आणि पेट्रोल मिळणार नाही. त्याआधी ऑगस्टपासून मुंबईची लोकल दोन डोस घेतलेल्यांनाच खुली होती. अशा आदेशांनी आकडे वाढतात. जिल्हाधिकाऱ्याला तिसऱ्या लाटेच्या भीतीने झोप लागत नसेल, हेही मी समजू शकते. तरी रेशनच्या धान्याला लस बांधणे मला मान्य नाही. पेट्रोलवाला दुसऱ्या पंपावर जाईल, रेशनवाल्याला दुसरी चूल नाही. आणि रेशनसाठी दंड पुढे करणारी बाई पुढच्या वर्षी सुनेचे बाळ घेऊन उपकेंद्रावर येईलच याची काय खात्री? २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. सरकार सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी बंधने घालू शकते, पण तेव्हाच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरची बंधने प्रमाणशीर नव्हती. त्याच निकालात प्रतिकूल घटनांची माहिती लोकांसाठी खुली ठेवण्यास सांगितले गेले. माझ्या मते निकालाचा हा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

कारण खरे सांगितले तर लोक पळतील, ही प्रशासनाच्या मनातली सर्वांत जुनी भीती. कोविशील्डचे उदाहरण घ्या. लशीनंतर अगदी क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे २०२१ च्या वसंतातच जगाला कळले होते. आपल्या राष्ट्रीय समितीने १७ मे २०२१ रोजी जाहीरही केले: तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांत २६ संभाव्य प्रकरणे, म्हणजे दहा लाख डोसमागे ०.६१. धाप लागणे, छातीत दुखणे, पाय सुजणे अशी लक्षणे वीस दिवसांत दिसली तर लगेच दाखवा, असेही सांगितले. माहिती उघड होती. पण लसीकरण केंद्राच्या भिंतीवर ती मराठीत मोठ्या अक्षरांत कितींनी वाचली? एप्रिल २०२४ च्या अखेरीस ती लस विकसित करणाऱ्या कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात हीच गोष्ट मान्य केल्याची बातमी आली आणि घराघरांतून आवाज उठला: ‘आपल्याला फसवलं.’ तीन वर्षांपूर्वी सांगून झालेली गोष्ट ऐकू जाईल अशी सांगितली गेली नव्हती, म्हणून ती गौप्यस्फोट ठरली. दिल्ली उच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये गोवर-रुबेलाच्या शालेय मोहिमेबाबत पालकांची संमती घ्या आणि दुष्परिणामही सांगा असे बजावले होते.

शिकलेल्यांच्या नकाराबद्दल थोडक्यात. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी अवघ्या बारा मुलांवरून गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवला. ‘लॅन्सेट’ने तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. तरीही पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतल्या ग्रुपवर तो संबंध फिरत असतो. इथे बालरोगतज्ज्ञाने दिलेली दहा मिनिटे कुठल्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी पडतात.

गोवर मात्र थोडक्यात आटपण्यासारखा विषय नाही. तो इतका पसरतो की एक रुग्ण बारा ते अठरा जणांना देऊ शकतो, आणि त्याला रोखायला वस्तीतल्या साधारण ९५ टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीतून उद्रेक सुरू झाला, भिवंडी आणि मालेगावातही पसरला, आणि लहान मुले दगावली. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीची सत्रे विस्कळीत झाली होती. शहराच्या बातम्यांत या वस्त्यांचा ‘विरोध’ ठळक छापला गेला. मालेगावबद्दल बोलताना मी आणखी एक गोष्ट विसरू शकत नाही. २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर तिथले मुस्लिम पुरुष पकडले गेले, वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २०२० च्या सुरुवातीला तर देशात अनेक ठिकाणी आशाताई घरातली माणसे मोजायला आल्या की ‘हे एनआरसीचं आहे का?’ असे विचारले जाई. आरोग्य खाते या सगळ्याला जबाबदार नाही. पण दारात उभी असलेली आशा घरातल्या बाईला सरकारच वाटते. आरोग्य खात्याच्या हाती एवढेच आहे की घरोघरची यादी पोलीस किंवा दुसऱ्या कुठल्या कामासाठी कधीही वापरली जाणार नाही हे लेखी आणि जाहीरपणे सांगायचे, आणि पाळायचे.

या आशाताईंवर सारे ओझे टाकून आपण मोकळे होतो. लसीकरणाच्या सत्राला बाळे गोळा करण्याचे त्यांना अनेक वर्षे मिळत आले ते दीडशे रुपयांच्या घरात. जून २०२१ मध्ये, लसीकरणाच्या ऐन भरात, महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा मानधनासाठी संपावर गेल्या. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांना सन्मान दिला. सन्मान योग्यच होता. पण गावाचा भरवसा जिच्या शब्दावर उभा आहे, तिला सरकारचा स्वतःचाच भरवसा वाटत नसेल, तर ती दुसऱ्याला काय सांगणार? तिचे मानधन वेळेवर देणे हा लसीकरणाचाच खर्च आहे.

आता पुढची परीक्षा समोर आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने देशात दरवर्षी ७५ हजारांहून अधिक बायका मरतात. त्याला रोखणारी एचपीव्ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते; २०२३ मध्ये ती बाजारात आली. पण या लशीची वाट २०१० मध्येच एकदा बंद झाली होती. आदल्या वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात सुमारे १४ हजार मुलींना आणि गुजरातेत वडोदऱ्यातही ती देण्यात आली होती. सात मुली मरण पावल्या. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. एक बुडून, एक साप चावून असे ते मृत्यू होते. पण आदिवासी मुलींच्या वसतिगृहांत पालकांऐवजी वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले, संसदेच्या समितीने २०१३ मध्ये कठोर ताशेरे ओढले, आणि चांगली लस दहा वर्षांहून अधिक काळ मागे पडली. सिक्कीमने २०१८ मध्ये आधी शिक्षक, पालक, डॉक्टर आणि पत्रकार यांच्याशी बोलून मगच मोहीम काढली आणि ९५ टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत पोचून दाखवले.

वयात येणाऱ्या मुलींना, फक्त मुलींना, सरकारी सुई: वंध्यत्वाची बोलवा उठायला याहून सुपीक जमीन नाही. तिचे उत्तर मोहिमेच्या आधी द्यायला हवे, आणि ते आयांना द्यायला हवे. संमतीचे पत्रक मेळघाटात कोरकूत हवे, गडचिरोलीत गोंडी आणि माडियात, भिवंडीत उर्दूत. त्यात चक्कर येऊ शकते, दंड दुखेल, आणि काही झाले तर कुणाला फोन करायचा हे लिहिलेले हवे. वाचता न येणाऱ्या आईला ते वाचून दाखवणारी बाई त्याच गावची असावी, आणि तिने ते सत्राच्या निदान आठवडाभर आधी वाचून दाखवावे, म्हणजे नवऱ्याशी आणि सासूशी बोलायला आईला वेळ मिळेल.